२४व्या वर्षी खुबा बदलायचा का? लहानपणापासून संधिवात असलेल्यांचे अनुभव हवे आहेत

नमस्कार मंडळी,

गोव्यातल्या डिचोलीहून लिहितेय. माझ्या मुलीला ७व्या वर्षी संधिवाताने गाठलं, आता ती २४ वर्षांची आहे. आधी गुडघे, मग मनगटं, आणि गेली ५ वर्षं उजवा खुबा. एक्स-रेत वाटी आणि गोळा यांच्यामध्ये फट म्हणून उरलेलीच नाही. आता गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात), बांबोळीला, खुबा बदलायचं सुचवलंय. याआधी एका खाजगी डॉक्टरांनी "चाळिशीपर्यंत कळ काढा" म्हणून परत पाठवलं होतं. त्यात ३ वर्षं गेली आणि पाय आखडला तो आखडलाच. तो राग अजून मनातून जात नाही.

कदंबाच्या बसची पहिली पायरी चढताना ती सलवार गुडघ्यापाशी मुठीत धरते आणि हाताने पाय उचलून वर ठेवते. रोज. चवथीला बाकीच्या पोरी फुगडी घालतात तेव्हा ही गणपतीवर फळापानांनी सजवून बांधलेल्या माटोळीजवळ खुर्चीत बसून गाणी म्हणते. तिला विचाराल तर ती उद्याच ऑपरेशनला तयार आहे. घाबरलेय ती मी.

भीती पुढच्या वर्षांची आहे. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासात २५ वर्षांनंतर साधारण ५८ टक्के खुबे टिकलेले दिसले. पण त्यातले बहुतेक रुग्ण उतारवयातले, झिजेच्या संधिवाताचे. हिला त्या खुब्यावर ४०-५० वर्षं काढायची आहेत. प्लास्टिकच्या वाटीची झीज होऊन जे बारीक कण सुटतात, त्यांनी आजूबाजूचं हाड पोखरतं आणि सांधा सैल होतो. मग दुसरं ऑपरेशन, आणि तोवर हाड आणखी कमी झालेलं. हिचं हाड स्टेरॉइडमुळे आधीच विरळ आहे, उंची खुंटल्यामुळे मांडीचं हाडही बारीक. डॉक्टर म्हणतात, आताचं क्रॉसलिंक्ड प्लास्टिक जुन्यापेक्षा पुष्कळच कमी झिजतं, वर सिरॅमिकचा गोळा घालू, सांधा हाडात बसवायला सिमेंट नको. ऐकताना पटतं. घरी आल्यावर झोप लागत नाही.

म्हणून ज्यांनी विशी-तिशीत खुबा बदलून घेतला आणि आता १५-२० वर्षं झालीत, त्यांनी कृपा करून लिहा. दुसऱ्यांदा बदलावा लागला का, कधी, आणि ते पहिल्यापेक्षा किती जड गेलं? दुसऱ्या बाजूचा खुबा नंतर दुखायला लागला का? मांडी घालून बसणं कायमचं सुटलं का?

संधिवाताची दोन औषधं चालू आहेत. त्यातलं मेथोट्रेक्सेट चालू ठेवायला सांगितलंय. दुसरं, अडॅलिमुमॅबचं इंजेक्शन, दर १५ दिवसांनी असतं. पुढच्या डोसची वेळ येईल तेव्हाच ऑपरेशन धरायचं आणि जखम भरल्यावर परत सुरू करायचं, असं ठरलंय. कोणाचं हे इंजेक्शन परत सुरू करणं लांबलं आणि त्यात बाकीचे सांधे सुजले, असं झालंय का?

गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहे. त्यात सिरॅमिकचा गोळा बसतो का, गोव्यातल्या कोणी करून घेतलं असेल तर सांगा. तेलं, काढे कृपया सुचवू नका, सगळं करून झालंय.

आणि एक. हिचा जबडा जेमतेम २ बोटं उघडतो, मानही वळत नाही. भूल देताना घशात नळी घालणं अवघड जाईल म्हणून मानेचा एक्स-रे काढायला सांगितलाय. असा जबडा असलेल्यांना भूल कशी दिली, जागेपणी नाकातून नळी घातली का, त्रास कितपत झाला? भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे पुढच्या मंगळवारी जायचंय. निदान एवढं त्याआधी कोणी सांगितलं तर तिला नीट समजावता येईल.