पहिलीच्या लेकराचे शाळेचे बूट: तुम्ही काय बघून घेतले? अनुभव लिहा

पूर्णाकाठ (परभणी):
या जूनला आमचं धाकटं पहिलीत जायलंय. बालवाडी सगळी सँडलवर निघाली, आता शाळेनं काळे बूट, पांढरे मोजे आणि शनिवारी पीटीला पांढरे कॅनव्हास असं सांगितलंय. काल बाजारात गेलो तर ज्याचं त्याचं वेगळंच. सासूबाई म्हणतात वाढत्या अंगाचं लेकरू आहे, दोन नंबर मोठेच घ्या. दुकानदार अर्थातच त्यांच्या बाजूनं. आमचे हे म्हणतात ऑनलाइन मागवू, स्वस्त पडतात. आणि ज्याच्या पायात घालायचेत त्याला लाइट लागणारे पाहिजेत. काहीच न घेता भाजी घेऊन परत आलो. ज्यांची लेकरं एवढ्यात पहिलीत गेलीत त्यांनी लिहा की. लेस का वेलक्रो, नंबर किती वाढवला, पावसाळ्यात काय केलं. नुसतं अमुक कंपनी भारी असं नका लिहू, लेकराच्या पायात काय झालं ते सांगा.

गंजगोलाई (लातूर):
ताई, दोन नंबर मोठे अजिबात नका घेऊ. हिशोबच सांगतो. आपल्याकडं लेकरांचे बूट बहुतेक ब्रिटिश नंबरनं येतात, १३ झाला की परत १ पासून सुरू, आणि एका नंबरात साधारण साडेआठ मिलीमीटरचा फरक असतो. दोन नंबर वाढवले की झाले पावणेदोन सेंटीमीटर. अंगठ्याच्या पुढं एक सेंटीमीटर मोकळं सोडावंच लागतं, ते धरून पावणेतीन. एवढ्या मोकळ्या बुटात लेकरू पाय उचलून चालतच नाही, फरफटत चालतं, आणि जिना चढताना पुढचं टोक अडकतं. शिवाय बूट जिथं वाकायला बनवलेला असतो तिथं चवडा येतच नाही, भलत्याच जागी घडी पडते आणि तिथूनच तडकायला लागतो.

पोरीचं माप मी घरीच घेतलो. वहीचा पुठ्ठा जमिनीवर भिंतीला लावून ठेवला, मोजे घालून तिला त्यावर उभं केलं, टाच भिंतीला टेकवून. बसवून माप घेऊ नका, उभं राहिल्यावर वजनानं पाय पसरतो. पेन्सिल सरळ उभी धरून दोन्ही पाय आखले. तिचा उजवा जरा मोठा निघाला, तोच धरला. सगळ्यात लांब बोट अंगठाच असेल असं पण नाही, काही लेकरांचं शेजारचं बोट पुढं असतं. त्याच्या पुढं एक सेंटीमीटर सोडून पुठ्ठा कापला आणि दुकानात नेला. पुठ्ठा न दुमडता बुटात सपाट बसला तर लांबी बरोबर, कडा वर वळल्या तर बूट अरुंद. एका कंपनीचा ११ तिला मस्त बसला आणि दुसरीचा १२ असूनही बोटं दाबत होता, तेव्हा नुसत्या नंबरवर जाऊ नका. आणि ऑनलाइनचं म्हणाल तर परत घेणार असतील तरच. संध्याकाळचं माप घ्या, दिवसभर खेळून पाय थोडा फुगलेला असतो.

मांजरेकाठचा (केज):
पुठ्ठ्याचं पटलं, पण सर, आमच्या घरात शाळेत जाणारी तीन लेकरं हायत. सोयाबीनचा पैसा येतो दिवाळीच्या आसपास आन बूट लागतात जूनमध्ये, त्या टायमाला बियाणं खत बघावं का बूट? सहा महिन्याला नवा जोड कुठून आणावा? म्हणून मी एक नंबर वाढवतोच. आत एक सुकतळा जादा टाकायचा, पाय वाढला की काढायचा. टाच निसटत नसली म्हणजे झालं, आन ती निसटते का नाही ते लेकराला दुकानात पळवूनच कळतं, उभं करून नाही.

थोरल्याचे जुने धाकट्याला घालावेत का, यावर आमच्या घरी भांडण होतं. मी तळ पालथा करून बघतो. थोरला टाच एका अंगानं घासून चालतो, त्याच्या बुटाची टाच तिरकी झिजलेली, तो जोड धाकट्याला दिला तर त्यालाबी तिरकंच उभं राहावं लागंल. कमी वापरलेला, तळ सरळ असलेला असला तर खुशाल द्या.

जि.प. शाळेत २०२३ पासून पहिली ते आठवीच्या लेकरांना एक जोड बूट आन दोन जोड मोजे द्यायचं ठरलं, लेकरामागं १७० रुपये. १७० मध्ये कसला बूट येतो ते इथं कुणाला सांगायची गरज नाही. पण वाडीवरून अनवाणी येणाऱ्या लेकराला तेवढाबी लई होतो, हे पण खरं.

खडूफळा (हिंगोली जिल्हा):
पहिलीचा वर्ग माझ्याकडं आहे म्हणून लिहितो. त्या बुटांचे नंबर पालकांना विचारले की मागच्या वर्षीचे सांगतात, नाहीतर "टाका अंदाजानं" म्हणतात. मी आता विचारतच नाही, फरशीवर खडूनं रेघा मारून ठेवतो, लेकरं एकेक करून उभी राहतात, मी वहीत लिहितो.

पहिलीला लेस नको. खिचडीच्या सुट्टीत, संडासला जाताना, पळताना, दर थोड्या वेळानं कुणाची तरी लेस सुटते, मग ते लेकरू एक पाय पुढं करून माझ्यापुढं येऊन उभं. वर्गात तीसेक पोरं, एकाची बांधेपर्यंत दुसरं हजर. वेलक्रो घ्या, पण दुकानात त्याला स्वतःला काढघाल करून बघू द्या, तुम्ही खाली बसून घालून देऊ नका. काही बुटांना पट्टा इतका आखूड असतो की मोजे घातल्यावर नीट चिकटतच नाही. आणि वेलक्रोत कुसळं आणि दोरे भरतात, मग चिकटणं बंद होतं, लोकांना वाटतं बूट गेला. जुन्या कंगव्यानं नाहीतर दात घासायच्या जुन्या ब्रशनं साफ करा, परत चिकटतो.

आमच्याकडं बूट वर्गाबाहेर काढतात. सगळे काळे, सगळे सारखे. नाव लिहिलेलं पहिलीच्या लेकराला जूनमध्ये वाचता येत नाही, म्हणून एखादं स्टिकर मधोमध कापून अर्धं डाव्या बुटात, अर्धं उजव्यात आतून चिकटवा. दोन्ही बूट शेजारी ठेवल्यावर चित्र जुळलं की डावा-उजवा बरोबर. आपला जोडही ओळखता येतो. अजून एक, पायात घालण्याआधी बूट आपटून झटकायची सवय लावा. पावसाळ्यात आपल्या भागात विंचवाचं काही सांगता येत नाही आणि ओट्यावर रात्रभर पडलेला बूट त्याला फार आवडतो.

पैठणगेट (संभाजीनगर):
आमची शाळा इंग्लिश मीडियम, बूट ठरलेल्या दुकानातूनच घ्या म्हणून चिठ्ठी आली होती, नाव लिहीत नाही. बूट दिसायला चकाचक, वरून रेक्झिनसारखं काहीतरी, टाचेची कड लाकडासारखी कडक. पोराची टाच पहिल्याच आठवड्यात सोलली. दुकानदाराकडं गेले तर म्हणतो, "भाभी, चार दिन पहनेगा तो खुल जाएगा." अहो चामडं खुलतं, हे प्लास्टिक काय खुलणार! शेवटी शाळेत बाईंना फोड दाखवला, मग त्यांनी काळे कुठलेही चालतील म्हणून सांगितलं.

दुसरा जोड घेताना मी तीन गोष्टी बघितल्या. टाचेच्या वरच्या कडेला आतून गादी आहे का, बोट फिरवून. पुढून दाबल्यावर बूट चवड्यापाशी वाकतो का मधोमध दुमडतो, मधोमध दुमडणारा परत ठेवला. आणि आतून अस्तर कापडाचं आहे का, कारण आपल्याकडं जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ऊन मे महिन्यासारखंच असतं आणि मार्चपासून परत तेच, प्लास्टिकच्या अस्तरात पाय अक्षरशः उकडतो. मोजे सुती घ्या, निव्वळ नायलॉनचे नको, घामानं वास मारतो आणि बोटांच्या बेचक्यात खाज सुटते. शाळा सुरू व्हायच्या आधी आठ दिवस रोज थोडा वेळ घरातच घालू दिले, चटईवर, म्हणजे तळ खराब होत नाही आणि कुठं टोचलं तर दुकानदार बदलून देतो. त्याला लाइटवालेच पाहिजे होते, त्याची समजूत रंगीत लेसच्या आशेवर काढली, तिसरीत गेल्यावर.

गोदाकाठची माय (नांदेड):
कुणाच्या लेकराचा तळवा सपाट आहे का? माझ्या मुलाचे ओले पाय फरशीवर पूर्ण उमटतात, मधली खाच दिसतच नाही. दुकानात एकानं सपोर्टवाली महागाची सुकतळी गळ्यात मारायचा प्रयत्न केला.

हाडवैद्य नाही फिजिओ (नांदेड):
ताई, सहा-सात वर्षापर्यंत असं दिसणं अगदी कॉमन आहे, कमान हळूहळू तयार होते. त्याला चवड्यावर उभं करा आणि मागून बघा, तेव्हा तळव्याची कमान वर उचलली जात असेल आणि दुखत नसेल तर खास बूट, खास सुकतळी काही लागत नाही. साधा नीट बसणारा बूट बास. दुखतंय, लंगडतोय, एकाच पायाला आहे, किंवा पाय कडक वाटतोय, असं असेल तर मात्र दुकानात न जाता हाडाच्या डॉक्टरांकडं जा.

काळ्या रानातून (सेलू):
पावसाचं कुणीच धड लिहिलं नाही. आमचं घर शेतात, डांबरी रस्त्यापर्यंतची वाट काळ्या मातीची. एक पाऊस पडला की चिखल तळाला असा धरतो की बूट किलोभराचा होतो आणि लेकरू उचलायला गेलं की पाय बाहेर, बूट तिथंच. खोल नक्षीचा तळ चांगली पकड धरतो हे डांबरावर ठीक, काळ्या रानात त्या नक्षीतला चिखल निघता निघत नाही. आम्ही वाटेपुरती प्लास्टिकची चप्पल घालतो, बूट पिशवीत, रस्त्याला लागलं की बाटलीतल्या पाण्यानं पाय धुवायचे, फडक्यानं पुसायचे आणि मग मोजे-बूट. एक जोड मोजे दप्तरात जादाच ठेवायचा.

भिजलेच तर सुकतळा बाहेर काढून वेगळा वाळवा आणि बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, ओले झाले की बदला. चुलीपुढं नाहीतर कडक उन्हात ठेवलं की पेस्टिंग सुटतं. म्हणूनच नवा जोड आणला की मी आधी बसस्टँडजवळच्या मोचीकडं तळ कडेनं शिवून घेते. वरून चिकटवलेला बूट आमच्या वाटेवर श्रावण बघत नाही, शिवलेला परीक्षेपर्यंत जातो. बूट घेतानाच विचारा, शिलाई आहे का नुसतं पेस्टिंग.

गंजगोलाई (लातूर):
ताई, शिलाईचा मुद्दा एकदम बरोबर. फक्त मोचीला सांगा सुईची टोकं आत वर येऊ देऊ नको, शिवून आणल्यावर आत हात घालून बघा, दोऱ्याची गाठ टोचते.

पूर्णाकाठ (परभणी):
सगळ्यांचे आभार. पुठ्ठा कापून घेऊन गेले, दुकानदार आधी हसला, मग तोच पुठ्ठा घेऊन चारपाच जोड त्यानं काढले. ११ नंबर घेतला, वेलक्रोचा, पट्टा लांब आहे, आतून कापडी अस्तर. सासूबाई निम्म्यावर आल्या, सुकतळा जादा टाकायची जागा आहे म्हणल्यावर. दिवाळीच्या सुट्टीत परत मापू असं ठरलंय. तळ नुसता पेस्टिंगचा आहे, उद्या शिवायला देते. कॅनव्हासचं अजून काही नाही, शनिवारची पीटी कधीपासून ते शाळा जुलैत सांगणार आहे, तोवर पांढऱ्यावर पैसे घालत नाही.

मांजरेकाठचा (केज):
पांढऱ्याला पॉलिश महाग पडतं ताई, खडू ओला करून लावा, शनिवारपुरतं भागतं.