बालगृहातून बाहेर पडलेल्या मुलांसोबत फिल्म : संमती आणि ओळख

चौकट25
गटात आठ जण आहेत, वय 18 ते 21, सगळे बालगृहात वाढलेले. सहा रविवार, दोन अँड्रॉइड फोन, एक कॉलर माइक. पाच मिनिटांची फिल्म तेच लिहिणार, शूट करणार, एडिटही करणार. दोघांना चेहरा दाखवायचा नाही. एकीची धाकटी बहीण अजून बालगृहातच आहे. संमती कशी घ्यावी आणि चेहरा न दाखवता शूट कसं करावं?

बालहक्क_सोलापूर
18 पूर्ण झालेल्यांची संमती त्यांचीच. अधीक्षकांची सही त्याऐवजी चालत नाही.

धाकट्या बहिणीचं मात्र नीट बघा. बाल न्याय अधिनियम 2015, कलम 74 : अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीच प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोठीनं चेहरा दाखवून संस्थेचं नाव घेतलं की धाकटी आपोआप उघडी पडते. म्हणून संस्थेचं नाव, पाटी, गणवेश फ्रेममध्ये नको. जुने ग्रुप फोटोही नकोत, त्यातली काही मुलं अजून आत असू शकतात.

संमती तीनदा घ्या : शूटआधी, रफ कट (पहिलं कच्चं एडिट) पाहिल्यावर, बाहेर दाखवण्याआधी. फिल्म कुठे दाखवायची यासाठी संमतीपत्रावर गटापुरतं, सभागृहात, यूट्यूबवर, असे खूण करायचे तीन वेगळे चौकोन ठेवा. नाही म्हणणाऱ्याला कारण विचारू नका. आपली कहाणी फाइलसाठी आणि पाहुण्यांसाठी सांगून ही मुलं दमलेली असतात.

कात्री
‘नंतर ब्लर करू’ असं अजिबात ठरवू नका. चेहरा हलला की एखाद्या फ्रेमला ब्लर सुटतो, आणि मूळ क्लिप तर उघडीच राहते. सिल्हूट, म्हणजे नुसती काळी आकृती, कॅमेऱ्यातच घ्या. माणूस खिडकीपुढे बसवा, खोलीतले दिवे बंद करा, स्क्रीनवर दिसणाऱ्या खिडकीवर बोट दाबून धरून एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) लॉक करा. त्याआधी एचडीआर (काळोख-उजेड सारखा करणारी कॅमेऱ्याची सोय) बंद करा, नाहीतर फोन स्वतःच काळोखातला चेहरा उजळवतो. आवाजाची पिच (पट्टी) बदलून भागत नाही, ती उलट फिरवता येते. शब्द ज्याचे त्याचेच ठेवा, वाचायला दुसऱ्या कुणाला तरी द्या. कॅमेऱ्याचं लोकेशनही बंद.

ट्यूबलाइटखाली पट्टे दिसले तर सेकंदाला 25 फ्रेम, शटर 1/50 सेकंद ठेवा. माइक हनुवटीखाली वीतभर, ओढणीच्या आत नको, खरखरतो. पंखा बंद. फोनचा फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) बदलता असतो, लांब क्लिपमध्ये आवाज ओठांपासून सरकतो. एडिटआधी हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट स्थिर करून घ्या. क्लिप केबलनं काढा, व्हॉट्सअ‍ॅप त्यांचा चुरा करतं.

चौकट25
आणि रविवारांची वाटणी? पहिल्याच दिवशी मुलाखती घ्याव्यात का?

बालहक्क_सोलापूर
नको. पहिले दोन रविवार नुसत्या वस्तू शूट करू द्या : पत्र्याची पेटी, भाड्याच्या खोलीची पहिली किल्ली, घरमालकानं पालकांची सही मागितलेला कोरा रकाना. त्या किल्लीवर दहा सेकंद कॅमेरा स्थिर धरला की बोलायचं काय ते त्यांनाच सुचतं. तिसरा-चौथा शूटला, पाचवा-सहावा एडिटला. माउस त्यांच्याच हातात राहू द्या. मूळ क्लिप कुणाकडे राहणार आणि कधी पुसायच्या, हे पहिल्या रविवारीच कागदावर लिहा.