मदत हवी आहे: शांततेच्या कामासाठी परदेशी निधीचा अर्ज

नमस्कार मंडळी. आम्ही भिवंडीतल्या बारा-तेरा जणी आणि काही कॉलेजची पोरं. १९८४ च्या हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर इथे मोहल्ला कमिट्या (शांतता राखायला दोन्ही समाजांचे लोक आणि पोलीस एकत्र बसायचे त्या) कशा उभ्या राहिल्या, ते आयांच्या तोंडून ऐकलेलं. आता अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, म्हणून सणांआधी आम्ही गल्लोगल्ली बैठका घेतो. मागच्या वर्षी ट्रस्टही नोंदवला.

एका परदेशी संस्थेचा महिला आणि तरुणांसाठी निधी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या ठराव १३२५ (शांततेच्या कामात महिलांचा सहभाग) आणि २२५० (तरुणांचा सहभाग) शी काम जोडून दाखवा म्हणतात. ते जमेल. घोडं अडलंय एफसीआरएपाशी, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यापाशी. नोंदणीला तीन वर्षांचं काम आणि १५ लाखांचा खर्च लागतो. आमचा खर्च म्हणजे चहा-बिस्किटं आणि सतरंज्यांचं भाडं! नोंदणी नसेल तर त्या एका देणगीपुरती सरकारची पूर्वपरवानगी काढता येते, पण त्यासाठी देणगीदाराचं पत्र आधी हवं, आणि देणगीदार म्हणतो परवानगी आधी दाखवा. एफसीआरए नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेमार्फत पैसे घ्यावेत, तर २०२० च्या दुरुस्तीने तेही बंद.

कुणी पूर्वपरवानगी काढलीय का? पत्रात नेमकं काय लिहून घेतलंत? आणि न झालेली दंगल अर्जातल्या ‘परिणाम’ रकान्यात मोजून कशी दाखवायची? नमुना असेल तर प्लीज द्या.