वाणात प्लास्टिक बंद करायचं का?

माजघर:
रथसप्तमी झाली, हळदीकुंकवं संपली. काल ओट्याखालचा खण आवरला. यंदाचं वाण: प्लास्टिकचे चार डबे (दोनांची झाकणं बसतच नाहीत), चहाच्या तीन गाळण्या, एक साबणदाणी. गेल्या वर्षीच्या गाळण्या अजून कोऱ्या. आपण लुटतो आणि दुसरीचा खण भरतो. माझं मत, पुढच्या संक्रांतीला प्लास्टिक बंद. जुन्या सुती साड्यांच्या पिशव्या शिवा, नाहीतर पावशेर गूळ द्या.

पाटावरवंटा:
बोलायला काय जातं! आमच्याकडे चाळीसजणी येतात आणि वाणाला हजाराच्या वर जायचं नाही हे ठरलेलं. म्हणजे एकीमागे २५ रुपये. पिशवीची शिलाईच तेवढी होईल. आणि वाणात मिळालेल्या एका डब्यात माझी मोहरी चार वर्षं सुखात आहे.

कोरडवाहू:
कापडी म्हणजे पुण्य, हे आधी डोक्यातून काढा. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने २०११ साली हिशेब मांडला होता. हवामानावरच्या परिणामात नवी सुती पिशवी पातळ प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला यायला १३१ वेळा वापरावी लागते. कापसावर किती फवारण्या होतात ते आमच्या शेतात येऊन बघा. बाजारात ‘कापडी’ म्हणून मिळणारी ती गुळगुळीत नॉन-वोव्हन पिशवी तर प्लास्टिकचीच. २०१८च्या राज्यातल्या बंदीत तीही होती.

माजघर:
अहो, मी जुन्या साडीचं म्हटलं. तिचा कापूस पिकवून झालाय! एका साडीत डझनभर पिशव्या सहज निघतात. शिलाई घरची.

पाटावरवंटा:
घरची म्हणजे फुकट का? संक्रांतीच्या आधी मशीनवर बसायला वेळ कुणाला आहे?

सुगडवाली:
सुगडात काय असतं बघा ना. ओंब्या, हरभरे, बोरं, उसाचे करवे, तीळ. सगळं खाऊन संपणारं, कुंभारालाही दोन पैसे. मी यंदा परसातल्या कढीपत्त्याखाली उगवलेली रोपं दिली, दुधाच्या पिशव्यांत लावून. पस्तीस लावली, तीन द्यायच्या आधीच मेली. खर्च मातीचा तेवढा.

कोरडवाहू:
दुधाची पिशवी कशाची असते, ताई?

सुगडवाली:
माहितेय हो. घरात आलेलीच होती, मुद्दाम विकत नाही आणली.

पाटावरवंटा:
आमचा तिसरा मजला, ऊन दारात येऊन परत जातं. रोप आणलं तर मरायलाच. मी डबेच देणार. पुढच्या वेळी झाकणं लावून बघून घेईन.