मर्दानी खेळ शिकायचेत, पण शोसाठी नाही. समोरचा खरंच वार करेल असं पुण्यात कुठे शिकवतात का?

कोथरूडकर_३४

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

वय ३४, नोकरी हिंजवडीत, म्हणजे रोजचे दोन-तीन तास तसेही ट्रॅफिकमधे जातात. लहानपणी शाळेत लेझीम आणि चार महिने लाठी एवढाच आपला पराक्रम. गेल्या गणपतीत लक्ष्मी रोडला मिरवणूक बघत उभा होतो तर एका पथकात बारा-तेरा वर्षांची मुलगी दोन्ही हातात दांडपट्टे घालून फिरत होती, आणि शेवटी तिने समोरच्या पोराच्या तळहातावरचं लिंबू असं कापलं की माझ्या हातातला वडापाव तसाच गार झाला. घरी आल्यावर यूट्यूब सुरू. दांडपट्ट्यावरून लाठी, लाठीवरून पंजाबचा गतका आणि तिथून रात्री दीड वाजता मी थेट युरोपात. तिकडे लोक सहाशे-सातशे वर्षांपूर्वीच्या हस्तलिखितांतून लांब तलवार शिकतात, तोंडाला जाळीचा मास्क, अंगात जाड जॅकेट आणि मग एकमेकांना खरंच हाणतात. कोणी नाटक करत नाही, लागलं की लागलं.

मग मी इकडे एक क्लास लावला (नाव नको, माणसं वाईट नव्हती). पहिल्या दिवशी ड्रेसची मापं घेतली, तिसऱ्या आठवड्यात शिवजयंतीच्या शोची तालीम सुरू. मी विचारलं सर समोरच्याने मधेच वेगळा वार केला तर काय करायचं, तर म्हणाले तो वेगळा करणारच नाही, त्याचा वार हलगीच्या चौथ्या ठोक्याला येतो. तिथे माझं मन उडालं.

तर विचारायचंय असं की आपल्याकडे खऱ्या झुंजीचा सराव कधी होता का नव्हताच? असेल तर गेला कुठे? आणि माझ्यासारख्या पोट सुटलेल्या माणसाने सुरुवात कशाने करायची, थेट पट्टा घेतला तर चालेल का?

---

पेठेतला_म्हातारा

थेट पट्टा घेऊ नका, स्वतःचाच कान कापाल.

मी ७१ पूर्ण. आमच्या लहानपणी पेठेत तालमीत जायचं म्हणजे पहाटे साडेपाचला लाल मातीत, आणि वस्ताद एका डोळ्याने बघायचे तेवढ्यानेच घाम फुटायचा. त्यांनी मला पहिलं वर्षभर पट्ट्याला हात लावू दिला नाही. फक्त पवित्रे. पाय कुठे पडतो, वजन कुठल्या पायावर, मागे सरकताना टाच आधी की चवडा आधी. कंटाळून अर्धी पोरं पळून क्रिकेटला गेली.

आता पट्ट्याचं ऐका. तलवारीत मनगट मोकळं असतं, वार निघाल्यावरही तुम्ही तो वळवू शकता. पट्ट्यात हात कोपरापर्यंत खोबळ्यात जातो, आतली मूठ आडवी, म्हणजे मनगट बंद. मग वार काढायचा कुठून? खांद्यातून आणि कमरेतून. म्हणून पट्टेवाला गरागरा फिरताना दिसतो, तो नाच नाही, त्याला दुसरा इलाजच नाही. चारी बाजूंनी माणसं आली तर कोणाला जवळ येऊ न देणं हे त्याचं काम. पण पातं साडेतीन-चार फूट, पातळ आणि लवचिक, तुम्ही अडवलंत तरी टोक वाकून पलीकडे लागतं. अशा हत्याराने मित्रासोबत झुंजीचा सराव करणार कसा? एक तर मित्र राहणार नाही, नाही तर मैत्री. म्हणून पट्ट्याचं प्रात्यक्षिकच होतं आणि त्यात वाईट काही नाही.

झुंजीचा सराव व्हायचा तो फरी-गदग्यावर, आणि हे नाव आजकालच्या पोरांना माहीतच नसतं. गदगा म्हणजे वेताची छडी, वरून कातडं शिवलेलं. फरी म्हणजे डाव्या हातातली छोटी कातडी ढाल. समोरासमोर उभं राहायचं, सलामी घ्यायची आणि सुरू. ठोका नाही, हलगी नाही. वारांची नावं ऐका, शिर, तमाचा, बाहेरा, कमर. तमाचा कुठे बसतो ते सांगायला नको. माझ्या डाव्या गालावर तो १९६८ साली बसला त्याची खूण अजून दाढी करताना लागते. भाल्यासाठी तसंच बोथाटी होती, लांब काठीच्या टोकाला चिंध्यांचा गोळा बांधायचा आणि तो रंगात बुडवायचा. डाव संपल्यावर कोणाच्या सदऱ्यावर किती ठिपके ते मोजलं की झालं, भांडायला जागाच नाही.

म्हणजे तुम्ही युरोपात जे बघून आलात ते इथे होतं. फक्त ते बघायला गर्दी जमत नाही, दोन माणसं अर्धा अर्धा मिनिट नुसती एकमेकांकडे बघत उभी असतात. लिंबू कापलं की टाळी पडते.

---

बाणेरचा_फेडर

काकांची पोस्ट वाचून अंगावर काटा आला, खरंच. मी चार वर्षं जर्मनीत होतो कामासाठी आणि तिथे हेच, लांब तलवार, शिकत होतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो.

यूट्यूबवर बघून वाटतं त्यांच्याकडे अखंड परंपरा आहे. उलट आहे. त्यांची गुरुशिष्य साखळी पार तुटली, बंदुका आल्या, नंतर द्वंद्वाचं फेन्सिंग आलं, मधल्या काळातलं सगळं विसरलं गेलं. उरली ती पुस्तकं. सगळ्यात जुनं हस्तलिखित साधारण १३०० च्या आसपासचं, आता इंग्लंडमधे लीड्सच्या शस्त्रसंग्रहालयात असतं, त्यात एक पाद्री आपल्या शिष्याला तलवार आणि छोटी ढाल शिकवतोय, आणि शेवटी शेवटी त्याच्यासमोर चक्क एक बाई उभी राहते तलवार घेऊन, वाल्पुर्गिस नाव तिचं. मग १४१० च्या आगेमागे इटलीतला फिओरे, १५७० साली स्ट्रासबुर्गचा योआखिम मायर, यांची पुस्तकं. आमच्या क्लबात एका ओळीवरून दोन दोन तास वाद व्हायचा, इथे पाय पुढे म्हणतोय का बाजूला. आपल्याकडे बरोब्बर उलटा प्रकार, वस्ताद आहेत, हातातून हातात आलेलं आहे, पण मुघल-मराठा काळात कोणी बसून पवित्रा नंबर एक, पवित्रा नंबर दोन असं लिहून ठेवलेलं निदान मला तरी मिळालेलं नाही. जे आहे ते बरंच नंतरचं. बडोद्याच्या मुजुमदारांनी १९३० च्या दशकात व्यायामज्ञानकोशाचे खंड काढायला सुरुवात केली, एकूण दहा, त्यात लाठी, फरीगदगा, बोथाटी चित्रांसकट आहे. मी रद्दीवाल्याकडे दोन खंड बघितले, किंमत ऐकून परत ठेवले, अजून पस्तावतोय.

आणि एक, तिकडच्या झुंजीलाही फार भुलू नका. मास्क घातला की माणूस निर्भय होतो, खरी तलवार असती तर जिथे पाऊल टाकलं नसतं तिथे बिनधास्त घुसतो. दोघांनाही एकदम लागतं आणि दोघंही म्हणतात पॉइंट माझा. खऱ्या लढाईत दोघंही मेले असते. म्हणजे शोमधे खोटं आणि झुंजीत खरं इतकं सरळ नाहीये ते.

खर्चाचं म्हणाल तर सरावाची बोथट लवचिक तलवार, त्याला फेडर म्हणतात, ती आणि जड ग्लोव्हज बाहेरून मागवले की कस्टमवाले रडवतात. फेन्सिंगचा मास्क मात्र भारतात मिळतो.

गंमत म्हणजे आपल्या ज्या तलवारीला फिरंग म्हणतात तिचं पातं बरेचदा युरोपातूनच यायचं, इथे आपली मूठ बसवायचे. कित्येक पट्ट्यांचं पण तसंच. बाजीराव रोडला केळकर म्युझियममधे शस्त्रं बघायला गेलात तर मुठीवरून नजर खाली पात्यावर न्या.

---

सिंहगड_एक्सप्रेस

म्हणजे आता आपलं मर्दानी खेळ शिकायला जर्मनीचं सर्टिफिकेट लागणार का?? बाजीप्रभूंनी १६६० ला घोडखिंड अडवली तेव्हा कुठलं पुस्तक वाचलं होतं? जिवा महालाने प्रतापगडावर सय्यद बंडाचा हात हवेतच उडवला, "होता जिवा म्हणून वाचला शिवा", तो काय मास्क घालून पॉइंट मोजत होता? दांडपट्टा २०२४ पासून महाराष्ट्राचं राज्यशस्त्र आहे, थोडा मान ठेवा. शो शो म्हणून हिणवू नका, ती पोरं उन्हात तीन तास फिरतात.

---

पेठेतला_म्हातारा

अहो सिंहगड, कोणी हिणवत नाहीये. त्या पोरांच्या दमाला माझा नमस्कारच आहे. पण जिवा महालाचं नाव घेतलंत म्हणून सांगतो, सय्यद बंडाने ठोक्यावर वार केला नव्हता. क्षणात ओळखून क्षणात हात चालला, तो ओळखायचा सराव कुठेतरी झालेलाच असणार ना. मी तेवढंच म्हणतोय.

आणि पुण्याची गोष्ट निघालीच आहे तर प्रतापगडापर्यंत जायला नको, गंज पेठेत जा. लहुजी वस्ताद साळवे, १७९४ चा जन्म, १८८१ ला गेले. त्यांच्या तालमीत जोतीराव फुले दांडपट्टा शिकले, वासुदेव बळवंत फडके पण त्यांच्याच हाताखालचे. मांग समाजातला वस्ताद आणि शिकणाऱ्यांत सगळ्या जातींची पोरं, त्या काळच्या पुण्यात! फुलेवाडा बघायला लोक येतात, फोटो काढतात आणि परत जातात, इथेच पट्ट्याचे पण धडे गिरवले गेले हे कोणी सांगत नाही. पुढे इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने हत्यार बाळगायला परवाना आला. लोखंड गेलं तशी हातात काठी उरली आणि नावात "खेळ" उरला, असं आमचे वस्ताद म्हणायचे.

---

रेवा_लाठीवाली

काका तुमच्या तमाच्याला दंडवत 🙏

मी ११ वर्षं लाठी खेळते, त्यातली ५ शिकवतेय, रविवारी सकाळी सहकारनगरच्या बाजूला मैदानात. माझ्याकडे बॅचमधे मुलीच जास्त आहेत. पालक येतात ते एकच वाक्य घेऊन येतात, मॅडम सेल्फ डिफेन्ससाठी. मी स्पष्ट सांगते की पाच-साडेपाच फुटाची काठी घेऊन पोरगी पीएमटीत चढणार आहे का? लाठीने खांदे मोकळे होतात, पाय चपळ होतात, आणि मुख्य म्हणजे अंगावर काही आलं की डोळे मिटायची सवय जाते. ती शेवटची गोष्ट खरी कामाची, बाकी सेल्फ डिफेन्स वेगळं शिका.

कोथरूडकर, तुमच्या "ठोक्याच्या" सरांबद्दल थोडं बोलू का? दोष त्यांचा एकट्याचा नाही. वर्षभर मैदान, काठ्या, पोरांचा प्रवास, सगळा पैसा येतो तो शिवजयंती आणि गणपतीच्या सुपाऱ्यांमधून. सुपारी देणारा विचारतो आग आहे का, डोळे बांधून नारळ फोडाल का. दोन माणसं फरीगदगा खेळतायत याला सुपारी द्यायला अजून तरी कोणी आलेलं नाही. पंजाबने हे बरं सोडवलंय, त्यांच्या गतक्यात फरी-सोटीच्या, म्हणजे ढाल-काठीच्या, सामन्यांना नियम आहेत, गुण आहेत, हेल्मेट आहे, म्हणून तो खेलो इंडियात गेला (मल्लखांब पण गेला, तो तरी आपला). आपली पथकं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, एकाच वाराला तीन पेठांत तीन नावं, नियम कोण ठरवणार.

आणि कायद्याचं कोणी बोललंच नाही म्हणून सांगते. ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद धारदार पातं हे शस्त्र कायद्यात येतं, त्यामुळे ऑनलाईन "ओरिजिनल तलवार" मागवून स्कूटरला लावून फिरू नका, माझ्या एका विद्यार्थ्याला पोलिसांनी संध्याकाळभर बसवून ठेवलं होतं, नशिबाने पातं बोथट होतं. वरून महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७(१) चे मनाई आदेश निघतात, त्यात लाठ्या-काठ्या पण येतात. मिरवणुकीत खेळायचं तर मंडळाने परवानगी काढलीय का हे आधी विचारा.

सुरुवातीला काय, तर तुमच्या नाकापर्यंत येईल अशी भरीव बांबूची काठी घ्या. दुकानातली पॉलिशवाली नको, हात सटकतो.

---

कोथरूडकर_३४

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

अपडेट देतो. रेवाताईंकडे दोन रविवार जाऊन आलो. पहिल्या दिवशी काठी दिलीच नाही, दोन तास नुसते पवित्रे, म्हणजे काका तुमचीच शाळा. सोमवारी ऑफिसमधे लिफ्ट बंद होती, चौथ्या मजल्यावर कसा पोचलो ते माझ्या मांड्यांना विचारा. दुसऱ्या रविवारी एका नऊ वर्षाच्या मुलीसमोर उभं केलं, स्पंज गुंडाळलेली छडी तिच्याकडे, माझ्याकडे फक्त पाय. वीसमधे चौदा वेळा लागलं. आणि हो, डोळे मिटतात, दर वेळी मिटतात, आणि मिटले हे नंतर कळतं. त्या क्लासात तीन आठवड्यांत हे मला एकदाही कळलं नव्हतं, कारण वार कधी येणार ते माहीत असायचं.

आता फरी-गदगा डोक्यात बसलाय. बाणेरवाले, मास्क दोन मागवूया का एकदम? वेत जुन्या बाजारात बघितला पण वाळलेला होता, वाकवला की तडकत होता. आणि फरी शिवून देईल असा कोणी कारागीर माहितीय का, मी एकाला चित्र दाखवलं तर म्हणाला तबल्यावरची गादी का?

---

बाणेरचा_फेडर

मास्क चालेल, मी पण घेतो. मानेला खालून पट्टी असलेलाच बघा.

---

पेठेतला_म्हातारा

वेत रात्रभर पाण्यात ठेवायचा, मग सावलीत वाळवायचा, उन्हात नाही. फरी माझ्याकडे माळ्यावर एक आहे, शिवण गेलीय पण माप घ्यायला पुरेल. रविवारी मैदानात घेऊन येतो. गुडघे चालत नाहीत, खुर्ची लागेल.

---

रेवा_लाठीवाली

खुर्ची माझ्याकडून. काका, चहा बिनसाखरेचा का?