ॲग्रिगेटला 'गोळाबेरीज' चालेल का?

कृष्णाकाठ: सांगलीत बी.कॉम.च्या मुलांना एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) शिकवतो, टिपणं मराठीत काढतोय. सम, काउंट, ॲव्हरेज, मिन, मॅक्स ही अनेक ओळींतून एकच आकडा काढणारी फंक्शनं म्हणजे ॲग्रिगेट; या सगळ्यांना मिळून 'गोळाबेरीज' लिहिलं, तर एक सहकारी म्हणाले, गोळाबेरीज म्हणजे अंदाजपंचे.
उदाहरण हळदीच्या अडतीचं आहे. एका शेतकऱ्याच्या तीन पट्ट्या (विक्रीची बिलं), २०, १५ आणि १० हजारांच्या. पाच-पाच हजारांच्या दोन उचली (आगाऊ घेतलेले पैसे). शेतकरी, पट्ट्या, उचली ही तिन्ही टेबलं जॉइन केली (जोडली) की प्रत्येक पट्टीला प्रत्येक उचल लागून सहा ओळी होतात, आणि पट्ट्या ४५ ऐवजी ९० हजार, उचल १० ऐवजी ३० हजार दिसते.

जुना मुनीम: अंदाजपंचे? वडलांच्या रोजमेळात पानाच्या तळाला गोळाबेरीजच असायची, पैशापर्यंत जुळलेली. ठोकळ हिशेब वेगळा.

माणदेशी: आमच्या आटपाडीकडं "गोळाबेरीज काय?" म्हणजे "थोडक्यात सांग". शिवाय सरासरी ही बेरीज कशी? मिन-मॅक्स तर नाहीच नाही.

शुद्धमती: 'समुच्चय फलन' म्हणा. बेरीज फारसी आहे.

जुना मुनीम: शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश झाला तरी बेरीज हलली नाही, तुमच्यानं काय हलणार! आणि 'तेरीज' कसा विसरलात सगळे? खात्याखात्याचा गोषवारा. तोच की ग्रुप बाय, ओळींचे गट पाडून हिशेब करणारा.

कृष्णाकाठ: तेरीज म्हटलं की आमची पोरं ट्रायल बॅलन्स (त्यालाही तेरीजच म्हणतात) काढायला बसतील.

मिरजवाली: ग्रुप बायला नाम हवंच कशाला? 'शेतकरीनिहाय' म्हणा, झालं. गावनिहाय, खातेनिहाय रोज ऐकतो की तलाठ्याकडं.
आणि सर, त्या ९० हजारांवर सम डिस्टिंक्टचा (सारखी रक्कम एकदाच धरणाऱ्या बेरजेचा) उतारा देऊ नका. पट्ट्या तिन्ही वेगळ्या रकमेच्या, म्हणून ४५ बरोबर येतील. उचली मात्र सारख्याच, त्यातली एकच धरली जाईल आणि १० चे ५ होतील. पट्ट्यांची शेतकरीनिहाय बेरीज आधी एका सबक्वेरीत (क्वेरीच्या आतल्या क्वेरीत), उचलीची दुसरीत, आणि मग जॉइन. मी हे पगारपत्रकात एकदा भोगलंय.

शुद्धमती: 'निहाय' तरी कुठला?

माणदेशी: 'न्याय'चाच अपभ्रंश. गावन्याय, गावनिहाय. आजोबा सांगायचे.

जुना मुनीम: काहीही! मग 'गाववार'मधला 'वार' काय, सोमवारातनं आला?

कृष्णाकाठ: अहो, गोळाबेरीज ठेवू की काढू? उद्या तास आहे.

शुद्धमती: आधी 'उचल'चं 'उचली' कुठल्या व्याकरणात बसतं ते सांगा.