परदेशी यादीत नाव जुळलं की ग्राहक थेट बाद?

टिपणवही: आमच्या कामात नवा नियम आलाय. ग्राहकाचं नाव कुठल्याही परदेशी निर्बंध यादीशी (ज्यांच्याशी व्यवहाराला बंदी, अशांची यादी) जुळलं की खातं नाकारायचं, चौकशी नाही. मला हे पटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची यादी सगळ्या सदस्य देशांना बंधनकारक, तिथे प्रश्नच नाही. पण ओफॅकची, म्हणजे अमेरिकी अर्थखात्याच्या निर्बंध विभागाची, यादी हा एका देशाचा निर्णय. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या तेव्हाच्या मुख्य अभियोक्त्या फातू बेन्सुदा सप्टेंबर 2020 मध्ये त्या यादीत गेल्या आणि तिथलं सरकार बदलल्यावर एप्रिल 2021 मध्ये बाहेर आल्या. या सात महिन्यांत बाई बदलल्या का?

डॉलरवाला: तत्त्व छान आहे हो. पण डॉलरचे पैसे न्यूयॉर्कमार्गे जातात, तिथे ते सांगून बघा. बीएनपी पारिबा फ्रेंच बँक, तरी अमेरिकी निर्बंध मोडल्याबद्दल 2014 मध्ये जवळपास 8.9 अब्ज डॉलर मोजावे लागले.

टिपणवही: त्यांनी पैसे पाठवण्याच्या संदेशांतून सुदान-इराणच्या पक्षांची नावं गाळून डॉलर फिरवले होते. माझा ग्राहक डॉलरला हातच लावत नसेल तर? युरोपीय संघाने 1996 पासून आपल्या कंपन्यांना ठरावीक अमेरिकी निर्बंध पाळायलाच मनाई केलीय. तिथे तुमचा 'थेट नकार' हाच नियमभंग ठरू शकतो.

डॉलरवाला: आणि दुय्यम निर्बंध, म्हणजे निर्बंधितांशी व्यवहार करणाऱ्या तिसऱ्यावरच येणारे? डिसेंबर 2023 च्या आदेशानंतर रशियाच्या लष्करी उद्योगाशी मोठा व्यवहार केला, तर चलन कुठलंही असो, परदेशी बँकेचं अमेरिकेतलं खातं जाऊ शकतं. एका ग्राहकापायी एवढा जुगार?

रांगेतला_एक: तुम्ही दोघं खऱ्या मॅचवर भांडताय, ती आमच्या वाट्याला क्वचित येते. एकच अरबी नाव रोमन लिपीत दहा तऱ्हांनी लिहितात, सिस्टीम दहाही वेळा ओरडते. जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, पासपोर्ट पडताळला की बहुतेक अलर्ट गळतात. थेट नकार म्हणजे नावसाधर्म्याची शिक्षा. उलट, यादीतल्या माणसांची मिळून 50 टक्के किंवा जास्त मालकी असलेली कंपनी ओफॅक निर्बंधितच धरतं, पण तिचं नाव यादीत असेलच असं नाही. नाव नसलं की ती तुमच्या नियमातून सहज निसटते!

टिपणवही: दुय्यम निर्बंधांचं मान्य. मग नियमात 'नाकारा'ऐवजी 'तपासा, कारण लिहा, वरिष्ठांकडे पाठवा' असं का नको?

डॉलरवाला: वरिष्ठही नाकारतातच, राव. फरक एवढाच की फाईलवर तुमची सही असते.

रांगेतला_एक: सही असू दे. निदान नाकारलं का, ते तरी लिहिलेलं असेल.